दारात आलेली सांडणी

पौष लागला की पेमाराम रायका आपल्या कुंपणाचं फाटक दिवसभर उघडं ठेवायचा. कुंपण बोरीच्या काट्यांचं होतं आणि फाटकही तसंच. एरवी ते लावलेलं असे, नाहीतर शेजारच्या शेळ्या आत शिरत. थंडीत मात्र पेमारामचा उंट भमर माजावर यायचा आणि आसपासच्या गावांतून कुणी ना कुणी सांडणी, म्हणजे उंटीण, घेऊन येणार हे ठरलेलं असे. आलेल्या माणसाला बाहेर उभं राहून हाका माराव्या लागू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू होता.

भमर हा त्याच्या कळपातला पैदाशीचा नर. रंगाने काळपट, मानेवर दाट केस. माजावर आला की तोंडाच्या कडेने लालसर फुगा बाहेर काढायचा, घशातून गुरगुरायचा आणि फेस उडवायचा. त्या दिवसांत त्याच्याजवळ पेमारामशिवाय कुणी जात नसे. पेमारामच्या डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं होतं. ते भमरच्या मामाने चावलेलं.

सांडणी घेऊन येणारा भमरसाठी गुळाचा खडा आणायचा. मालकाला काही द्यायचं नसे. उलट मालकानेच आलेल्याला उंटिणीच्या दुधाचा चहा आणि वेळ असेल तर बाजरीचा जाड भाकरीसारखा सोगरा खाऊ घालायचा. राजस्थानातल्या गोडवाडात उंट पाळणाऱ्या रायक्यांमध्ये हे असंच चालत आलेलं होतं आणि त्यात पेमारामचा काही मोठेपणा नव्हता. त्याच्या बापाच्या वेळीही कुणी काही घेत नसे.

पेमाराम साठी ओलांडलेला, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. लाल पागोटं नेहमी जरा सैल बांधायचा, त्यामुळे दुपारपर्यंत ते एका कानावर उतरलेलं असे. तरुणपणी कळप घेऊन माळव्यापर्यंत जाऊन आला होता. पुढे जंगलात चराई बंद झाली, पडीक जमिनींना तारा आल्या आणि कळप घटत गेला. थोरला मुलगा सुरतेला कापडाच्या दुकानात होता, धाकटा त्याच्याच मागे गेला. आंटाळी गावात मागे राहिली ती पेमाराम, त्याची बायको गमनी आणि पाऊण कुंपण भरेल एवढे उंट.

त्या उंटांचं एक वैशिष्ट्य होतं. रायके उंटांचं कूळ आईकडून मोजतात. पेमारामच्या कळपातल्या बहुतेक सांडण्या धूमर नावाच्या एका धुरकट रंगाच्या सांडणीच्या लेकी, नाती, पणत्या होत्या. धूमर गमनीबरोबर आली होती, लग्नात, तिच्या जालोरकडच्या माहेराहून. या कुळातल्या जनावरांना तिबरसा सहसा होत नसे. तिबरसा हा माश्यांमुळे होणारा ताप. तीन वर्षं जनावर आतून झिजवतो आणि शेवटी पाडतो. बाकीच्यांचे कळप त्याने अर्धे केले होते. धूमरच्या लेकी मात्र चार दिवस मान टाकायच्या आणि पुन्हा चरायला लागायच्या. का, ते पेमारामला माहीत नव्हतं. कुणी विचारलं तर तो तसंच सांगायचा.

हेच विचारायला जनावरांच्या लसी बनवणारी एक कंपनी आली. पूर्वीही एकदा जीपमधून दोन माणसं आली होती. त्यांनी उंटांच्या रक्ताच्या नळ्या भरून नेल्या, पुढे त्यांचं काय केलं ते कुणाला कळलं नाही. या वेळी तसं करता येत नव्हतं. मधल्या काळात कायदा आला होता. परक्याने गावातलं जनावर, झाड, बी किंवा त्याबद्दलची माहिती धंद्यासाठी न्यायची असेल, तर आधी वरच्या सरकारी मंडळाला विचारायचं, गावाच्या समितीशी बोलायचं, ज्यांनी ते सांभाळलं त्यांची संमती घ्यायची आणि जो फायदा होईल त्यातला हिस्सा त्यांना द्यायचा. रायके त्याला जीवांचा कायदा म्हणत. समिती कागदावर बरेच दिवस होती. तिच्यात जान आणली ती वागारामने.

वागाराम हा पेमारामच्या मोठ्या भावाचा मुलगा. सुरतेत दहा-बारा वर्षं राहून परत आलेला, बोलायला धीट, मोबाइलवर अर्ज भरता येणारा. परत आल्यावर त्याने वाटणीचे उंट हातात घेतले आणि तीनच पावसाळ्यांत तिबरशाने त्यातले निम्मे नेले. औषधासाठी तो सगळा जिल्हा फिरला. एका ठिकाणी औषध संपलेलं होतं, दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर नव्हता, तिसऱ्या ठिकाणी गाई-म्हशींचं होतं. त्या निम्म्यांतली शेवटची सांडणी पडली तेव्हा तो तिच्याजवळ बसून राहिला होता. हे गावाने पाहिलं होतं, म्हणून तो समितीत जोरजोरात बोलायला लागला तेव्हा कुणी त्याला अडवलं नाही.

जोधपूरहून सुमन बोहरा नावाची वकीलबाई यायची. ती एका संस्थेचं काम करायची आणि फी घेत नसे. उंटांचा राखणदार देव पाबूजी, त्याच्या थानाच्या ओट्यावर बसून तिने बरेच दिवस गावाकडून त्यांच्या चालीरीती ऐकून घेतल्या आणि लिहून काढल्या. कळप कुणाचा, दूध कुणाचं, मादी विकायची की नाही, नर कुणाला द्यायचा, सगळं. ती म्हणायची की असा कागद गावाकडे असला की बाहेरच्याला आपल्या अटींवर यावं लागतं. मग कंपनीबरोबरचा करार तिने कंपनीच्या वकिलांशी भांडून ठरवला. महिन्यातून दोनदा जनावरांचा डॉक्टर, गावातच औषधाचं कपाट आणि पुढे लस निघाली तर विक्रीतला हिस्सा समितीला. वागारामला कपाटाचं फार होतं. त्याने पंचायतीच्या खोलीतला एक कोपरा त्यासाठी रिकामाही करून घेतला होता.

करार वाचायला गाव ओट्यासमोर जमलं. कंपनीकडून डॉक्टर सोमानी आले होते, शांत, चष्मेवाले, उंटांना हात लावताना न घाबरणारे. वकीलबाई एकेक कलम वाचायची आणि गावच्या बोलीत सांगायची. एक कलम असं होतं की, पुढची पाच वर्षं धूमरच्या कुळातला नर, मादी किंवा नराची पैदाशीची सेवा कंपनीच्या आणि समितीच्या लेखी परवानगीशिवाय कुणाही तिऱ्हाइताला देता येणार नाही.

"तिऱ्हाईत म्हणजे कोण?" पेमारामने विचारलं. सबंध बैठकीत त्याचा हा पहिलाच शब्द होता.

"आंटाळीच्या समितीच्या यादीत ज्याचं नाव नाही तो," वकीलबाई म्हणाली.

बायका एका बाजूला ओढणी पुढे घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यातून गमनीचा आवाज आला. "मग धूमर तिऱ्हाईतच की. माझ्या माहेरची ती."

"काकी, तुमचं नाव यादीत आहे," वागाराम म्हणाला.

"माझं आहे रे. धूमरचं कुठं आहे?"

लोक हसले. डॉक्टर सोमानीही हसले. मग त्यांनी समजावून सांगितलं की कलम नेहमीचंच आहे. एवढा खर्च करून कंपनी संशोधन करणार आणि मागच्या दाराने तेच कूळ दुसऱ्या कुणाच्या हाती लागलं तर कुणी खर्च करेल का? बोलणं रास्त होतं. वागाराम म्हणाला, पाच हिवाळ्यांचा तर प्रश्न आहे. पेमाराम पागोट्याचं टोक बोटाला गुंडाळत बसला होता. वकीलबाईने त्याच्याकडे दोनदा पाहिलं आणि पुढचं कलम वाचायला घेतलं. सह्या पौर्णिमेनंतर करायच्या ठरल्या.

पौर्णिमेच्या आधीच छोगाराम आला.

तो जालोरकडचा, पेमारामच्या ओळखीतलाही नव्हता. सकाळी फाटकातून आत आला तेव्हा त्याच्या जोड्यांना वाटेतली लाल धूळ होती आणि मागे दोरीला एक हडकुळी, फिकट सांडणी. घरात एवढीच उरली, असं त्याने सांगितलं. धूमरच्या कुळातला नर या बाजूला आहे हे ऐकून तो चालत आला होता. गमनीने त्याचं गाव विचारलं, मग त्याच्या आत्याचं सासर विचारलं आणि थोड्या वेळाने ती त्याला मामा म्हणायला लागली.

वागाराम तेव्हा तिथेच होता. सहीच्या दिवसाचं बोलायला आला होता. त्याने काकाला कुंपणाच्या कोपऱ्यात नेलं.

"काकोसा, याला परत पाठवा."

"का?"

"का म्हणजे? कागदात काय आहे ते ऐकलंत ना. तो यादीबाहेरचा आहे. उद्या कुणी कंपनीला सांगितलं तर सगळं मोडेल."

"सही अजून व्हायचीय."

"म्हणूनच म्हणतो. आत्तापासून सवय लावा."

पेमाराम छोगारामकडे पाहत राहिला. तो माणूस गुळाचा खडा हातात धरून, भमरपासून बेताच्या अंतरावर उभा होता. पेमारामला नाही म्हणायचं होतं की नव्हतं, हे सांगणं कठीण आहे. एवढं खरं की, दारात आलेल्याला परत पाठवताना काय बोलतात हे त्याला माहीत नव्हतं. बापाला असं काही बोलताना त्याने ऐकलं नव्हतं, आज्यालाही नाही. तो गेला आणि त्याने सांडणीला बसवलं.

वागाराम तेवढ्यात निघून गेला. भमर आला, गुरगुरला, फेस उडाला. छोगारामने सांडणीची दोरी धरून तोंड फिरवलं होतं. काम झाल्यावर त्याने गूळ भमरला दिला, चहा प्याला, सोगरा आणि लसणाची चटणी खाल्ली आणि ऊन चढायच्या आत परत निघाला. जाताना "राम राम सा" म्हणाला, तेवढंच.

सहीच्या दिवशी ओट्यावर सतरंजी घातली होती. वागारामने सकाळीच काकाच्या घरी येऊन सांगितलं होतं की, छोगारामचं काही बोलू नका, ते सहीच्या आधीचं आहे. पेमारामने मान हलवली होती. आणि खरोखरच त्याने छोगारामचं नाव काढलं नाही. त्याच्यापुढे शाईचा डबा आला तेव्हा त्याने अंगठा पुढे केला नाही, एवढंच.

"दाराचं कलम बदला," तो वकीलबाईला म्हणाला. "दारात जो येईल त्याला नर मिळेल, असं लिहा. मग मी अंगठा देतो."

डॉक्टर सोमानींनी कारण विचारलं. आवाज चढवून नाही, माहिती हवी म्हणून.

पेमारामला एवढ्या लोकांसमोर बोलायची सवय नव्हती. तो थांबत थांबत बोलला. "भमर माझ्या कामाचा नाही, साहेब. माझ्या कुंपणात ज्या सांडण्या आहेत त्या त्याच्या आया, बहिणी, मावश्या. त्यांना तो कसा चालेल? त्यांना मी दर थंडीत दुसऱ्याच्या दारात नेतो. कधी देसुरीकडे, कधी जालोरकडे. ते लोक मला तुमची यादी विचारत नाहीत. मी माझं दार लावलं तर त्यांची दारं उघडी राहतील का?"

"पाच वर्षं त्यांच्याकडून नर आणायला कुणाची मनाई नाही," सोमानी म्हणाले. "फक्त तुमचा द्यायचा नाही."

पेमारामने त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "आणायचा आणि द्यायचा नाही," तो म्हणाला.

सोमानी उठून निंबाखाली गेले आणि बराच वेळ फोनवर बोलले. परत आले तेव्हा म्हणाले की त्यांच्या हातात नाही, हे कलम नसेल तर वरचे लोक तयार नाहीत. सगळ्यांनी चहा घेतला.

मग वागाराम उभा राहिला. त्याने वकीलबाईला विचारलं की कायद्याने सही कुणाची लागते.

"समितीची," ती म्हणाली. "अध्यक्ष तुम्ही आहात."

"म्हणजे काकोसाचा अंगठा नसला तरी चालतं."

"कागदावर चालतं. त्याला माहिती धारकाची, म्हणजे यांची, संमती जोडावी लागते, पण समितीने ठराव केला तर गावाची संमती धरता येते." तिने कागद मिटला. "विचारायचं, एवढंच कायदा सांगतो, वागारामजी. विचारल्यावर हो म्हणायलाच हवं असं त्यात नाही. पण ठरवायचं तुम्ही."

वागारामच्या हातात पेन होतं. तो काकाकडे न बघता बोलायला लागला. म्हणाला, यांच्या कुंपणात मरण येत नाही म्हणून यांना रीत सुचते. ज्याच्या कुंपणात येतं त्याने काय करायचं? कपाट आलं असतं, डॉक्टर आला असता. आज्यापणज्याच्या रीतीने माझी एक तरी सांडणी उठली का? लोक खाली माना घालून ऐकत होते. यातला एक शब्दही कुणाला खोडता येण्यासारखा नव्हता आणि पेमारामनेही खोडला नाही.

एवढं बोलून वागारामने पेनचं टोपण लावलं. "यांच्याशिवाय सही करून मी कुठं तोंड दाखवू," तो म्हणाला, आणि पेन सतरंजीवर टाकून निघून गेला.

कंपनीची गाडी दुपारी गेली. नंतर कळलं की ते लोक सीमेकडच्या दुसऱ्या एका कळपाकडे गेले. तिथे काय झालं ते इकडे कुणाला समजलं नाही.

त्या थंडीत आंटाळीतून कुणीही पेमारामच्या फाटकात सांडणी आणली नाही. ठरवून बहिष्कार घातला असं नव्हे. पंचायत बसली नाही, कुणी शपथ घातली नाही. कुणी सांडणी उशिरा माजावर आली म्हणालं, कुणी या वर्षी राहू दे म्हणालं. बाहेरचे दोघं-तिघं आले, गूळ देऊन गेले. पेमाराम रोज सकाळी फाटक उघडायचा आणि संध्याकाळी लावायचा. गमनी एकदा म्हणाली, "उघडं कशाला ठेवता, शेळ्या येतात." फाटक दुसऱ्या दिवशीही उघडंच होतं. शेळ्या आल्या की तीच हाकलायची.

पावसानंतर माश्या वाढल्या. वागारामच्या कुंपणातल्या आणखी दोन सांडण्या गेल्या. एकीला पुरायला खड्डा खणायचा होता तेव्हा पेमाराम फावडं घेऊन गेला. दोघांनी मिळून खणलं. बोलणं झालं ते मातीबद्दल, वरची भुसभुशीत आहे आणि खाली मुरूम लागला असं. पंचायतीच्या खोलीतला रिकामा कोपरा तसाच होता. पुढे तिथे निवडणुकीच्या खुर्च्या ठेवल्या गेल्या. वकीलबाई अधूनमधून यायची. गावाच्या चालीरीतींचा तिने लिहिलेला कागद सरकारी मंडळाकडे नोंदवला गेला. त्यात दाराची रीतही होती. औषधाच्या कपाटासाठी तिने जिल्ह्याकडे वेगळा अर्ज केला. तो कुठल्या तरी टेबलावर होता.

पुन्हा पौष आला. भमर पुन्हा काळा दिसायला लागला, मान वाकवून गुरगुरायला लागला. माघात छोगारामकडून निरोप आला की सांडणी व्यायली, मादी झाली, रंगाने धुरकट आहे. गमनीने तो निरोप आणणाऱ्याला दोनदा सांगायला लावला आणि गुळाचा शिरा केला.

मग एका सकाळी वागाराम फाटकाशी येऊन उभा राहिला. मागे त्याची राहिलेली एक तरणी सांडणी होती. फाटक उघडंच होतं, तरी तो आत आला नाही. पेमाराम भमरच्या पायाची दोरी सारखी करत होता. त्याने वर पाहिलं.

गमनी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "कोण? समितीचे अध्यक्ष? लेखी परवानगी आणलीय का?"

"काकी, आता राहू द्या ना," वागाराम म्हणाला.

"दोन सह्या लागतात म्हणे. एक तुझी आणि एक कंपनीची."

वागाराम हसला नाही, पण त्याने खाली पाहिलं. पेमाराम उठला आणि सांडणीच्या जवळ गेला. तिच्या मानेवरून हात फिरवला, शेपटी बघितली.

"कधीपासून?"

"कालपासून."

"खाल्लं का तिनं?"

"थोडं."

"आण आत. सावलीत बसव, तिकडे ऊन येतंय."

वागारामने दोरी ओढली. सांडणी फाटकातून आत आली. तिच्या मागून शेजारच्या दोन शेळ्याही शिरल्या आणि गमनी काठी घेऊन त्यांच्यामागे गेली. वागारामने पागोट्याच्या टोकाची गाठ सोडली. गुळाचा खडा गाठीतच फुटला होता. त्याने तो तसाच तळहातावर गोळा केला, चुरा सांडू न देता, आणि भमरपासून बेताच्या अंतरावर वाट पाहत उभा राहिला.